राखणीचा कुत्रा : आधी समजून घ्या, मग शिकवा

(नागपूर येथील गांधीबागेत शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशी, तूर, हरभरा यांवर बोलणारा पीकशास्त्राचा माणूस आज कुत्र्यावर बोलायला उभा राहिला, याचे आपल्याला नवल वाटेल. पण पेरणी, निंदण आणि फवारणी एवढ्यावर पीकशास्त्र संपत नाही. उभे पीक घरात आले पाहिजे. आपल्या विदर्भात रानडुकरांचा कळप एका रात्रीत मका-भुईमूग लोळवून जातो आणि रोही हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतात. म्हणून आपण जागलीला जातो आणि जागलीवर आपल्या सोबतीला बहुधा कुत्रा असतो.

हाच कुत्रा पुष्कळदा त्रासाचा होतो. डुकरे एका धुऱ्याने शिरतात आणि हा दुसऱ्या धुऱ्यावर उगाच भुंकत बसतो. वेचणीला आलेल्या बायांच्या अंगावर धावतो, शेजाऱ्याच्या शेळीच्या पिलामागे लागतो. मग आपण म्हणतो, "कुत्रा बिनकामाचा निघाला." माझे म्हणणे असे, की बिनकामाचा कुत्रा क्वचितच असतो. बहुतेक कुत्री न शिकवलेली असतात, किंवा आपल्याच हातून नकळत उलटे शिकलेली असतात. शिकवण्याची विद्या मात्र आपल्यापाशी आधीपासूनच आहे. ती आपण बैलासाठी वापरतो आणि कुत्र्याच्या बाबतीत विसरतो.

गोऱ्हा शिकवता, तसाच कुत्रा शिकवा

नवा गोऱ्हा कामाला लावताना आपण काय करतो? त्याला एकदम नांगराला जुंपत नाही. आधी हात फिरवून माणसाळवतो. मग शांत, जाणत्या बैलाच्या जोडीला लावतो. पहिले काही दिवस नुसते जू मानेवर ठेवतो, मग हलका ओंडका ओढायला देतो, तोही थोडा वेळ. थांबण्याची हाक एक आणि चालण्याची हाक एक, त्यात बदल करीत नाही. गोऱ्हा सरळ चालला की कासरा सैल सोडतो. कासरा सैल होणे हीच त्याची शाबासकी. मारून मारून शिकवलेला गोऱ्हा पुढे बुजरा होतो, खांदा टाकतो किंवा मारका होतो, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. गवळाऊसारख्या चपळ आणि तेज जातीच्या गोऱ्ह्याला तर हात फारच जपून लावावा लागतो.

या रीतीत चार नियम आहेत. थोडे थोडे शिकवावे. शिकवताना भीती नसावी. हाक एकच असावी. बरोबर वागणूक झाल्याबरोबर, त्याच क्षणी, जनावराला बरे वाटेल असे काही घडावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा मळतो, दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी भरवतो. कुत्र्याच्या वाट्याला मात्र उरलेली भाकरी, लोखंडी साखळी आणि चुकल्यावर काठी येते. मग त्याच्याकडून राखणीची अपेक्षा कशी करावी?

जनावर शिकते कसे?

शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केलेला आहे. रशियातील पावलॉव्ह हे पचनसंस्थेवर काम करीत होते. त्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न देण्यापूर्वी दर वेळी ठराविक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांना आढळले. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर धडपडताना चुकून कडी उघडते आणि बाहेरचे अन्न त्याला मिळते. पुढच्या खेपांना कडी उघडायला लागणारा वेळ कमी कमी होत जातो. सार असे, की ज्या कृतीतून फायदा होतो ती कृती जनावर पुन्हा करते आणि जिच्यातून काहीच मिळत नाही ती हळूहळू सोडते.

आता आपल्या रोजच्या तक्रारीकडे या दृष्टीने पाहा. कुत्रा मोटारसायकलमागे का धावतो? मोटारसायकल येते, हा भुंकत धावतो, मोटारसायकल निघून जाते. ती जाणारच होती, पण कुत्र्याला वाटते की आपण तिला पळवून लावले. दर फेरीला त्याचा विजय होतो, म्हणून सवय घट्ट होत जाते. आपण जेवताना तो केकाटतो आणि गप्प बसावा म्हणून आपण तुकडा टाकतो. त्यातून तो गप्प बसायला शिकत नाही, केकाटायला शिकतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कुत्र्याने सकाळी कोंबडी धरली आणि दुपारी कळल्यावर आपण त्याला बोलावून मारले, तर त्याला कोंबडी आठवत नाही. धन्याने हाक मारली, मी गेलो आणि मार बसला, एवढेच तो जोडतो. पुढच्या वेळी हाक मारली की तो लांब पळतो. शाबासकी असो की नकार, क्षणात दिला तरच तो उपयोगी.

त्याची बोली ओळखा

आज येथून निघाल्यावर गांधीबागेच्या गल्ल्यांतील कुत्र्यांकडे दहा मिनिटे नीट पाहा. भर दुपारी कापडाच्या दुकानांपुढे, हातगाड्यांच्या सावलीत ती झोपलेली दिसतील. हमाल त्यांच्या अंगावरून पलीकडे जातात, तरी ती कान हलवून पुन्हा झोपतात. रात्री दुकानांची शटर पडली आणि गल्ली सुनी झाली, की तेच कुत्रे अनोळखी पावलावर भुंकत येते. कुत्रे तेच असते, बदलते ती परिस्थिती. दिवसा गर्दी हे त्याच्या नेहमीच्या ओळखीचे असते, रात्रीचे एकटे पाऊल नसते. म्हणून "हा चावरा" किंवा "हा गरीब" असा शिक्का मारण्यापेक्षा कोणत्या वेळी, कोणापुढे आणि कशामुळे तो असा वागतो, हे पाहावे.

काही खुणा लक्षात ठेवा :

१) शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असे नेहमीच नसते. सारे अंग सैल आणि शेपटी मोकळी हलत असेल तर तो खुशीत आहे. अंग ताठ, शेपटी उंच व कडक आणि तिचे टोक भराभर हलते, ही सावधानतेची खूण आहे.

२) शेपटी पायांत, कान मागे आणि अंग चोरलेले, ही भीतीची खूण. घाबरलेला कुत्रा कोपऱ्यात सापडला तर चावतो. त्याला पळायला वाट ठेवा.

३) झोप आलेली नसताना जांभया देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, या अस्वस्थतेच्या खुणा आहेत. लहान मुलाने गळ्याला मिठी मारल्यावर कुत्रा असे करू लागला, तर मुलाला हळूच बाजूला घ्या.

४) पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, हे खेळायचे आमंत्रण आहे.

५) पाठीवरचे केस उभे, नजर रोखलेली, गुरगुर चालू, ही शेवटची सूचना. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुर म्हणजे गाडीचा भोंगा आहे. भोंगा बंद केला तरी गाडी थांबत नाही. मार खाऊन गुरगुरणे सोडलेला कुत्रा पुढे न सांगता चावतो.

काही भागांत पिलाचे कान किंवा शेपटी कापतात. त्याने कुत्रा शूर होत नाही. त्याची बोलण्याची साधने मात्र जातात. तिखट व्हावा म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडून वाढवलेला कुत्राही राखण्या होत नाही, भित्रा आणि चावरा होतो. चोर आणि पाहुणा यांतला फरक कळण्यासाठी आधी माणसे पाहिलेली असावी लागतात.

पिलाचे पहिले तीन महिने

अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोघांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलाच्या वयाचा सुमारे तिसरा ते बारावा आठवडा फार मोलाचा असतो, असे त्यांना दिसले. या काळात जे जे ओळखीचे होते, त्याची भीती पुढे वाटत नाही. या काळात माणसांपासून दूर राहिलेले पिलू पुढे माणसाळवणे फार अवघड जाते.

म्हणून पिलू आठ आठवडे आईजवळ राहू द्या. आईचे दूध आणि भावंडांचा खेळ यांतूनच ते जोरात चावू नये हे शिकते. पिलू निवडताना आधी आई पाहा. ती शांत असेल तर चांगले. सर्वांच्या मागे दडणारे पिलू नको आणि सर्वांच्या उरावर बसणारेही नको. हाक दिल्यावर शेपटी हलवत येणारे मधले पिलू घ्या. जातिवंत परदेशी कुत्र्याचा हट्ट धरू नका. आपल्या हवेत गावठी कुत्रा चांगला टिकतो.

घरी आणल्यावर त्याला बैल, शेळ्या, कोंबड्या, मुले, म्हातारी माणसे, डोक्यावर भारा घेतलेली बाई, पंपाचा आवाज, ट्रॅक्टर हे सर्व लांबून आणि हळूहळू दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांत सोडू नका. सहा ते आठ आठवड्यांपासून इतर रोगांच्या आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजच्या लसीबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जंताचे औषधही तेथूनच घ्या.

पाच धडे

शिकवणी जेवणाआधी घ्यावी, म्हणजे पोटात भूक असते. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. भाकरीचे बोराएवढे तुकडे हातात ठेवा. घरातील सर्वांनी शब्द एकच वापरावा. धनी "बस" म्हणतो, मुलगा "सिट" म्हणतो आणि सासूबाई "हाड" म्हणतात, अशा घरात कुत्र्याने ऐकावे तरी कोणाचे?

पहिला धडा नावाचा. नाव घ्या, त्याने पाहिले की तुकडा द्या.

दुसरा धडा "ये". दोन पावलांवरून सुरुवात करा आणि अंतर वाढवत न्या. आल्यावर नेहमी चांगलेच घडले पाहिजे. मारण्यासाठी किंवा बांधण्यासाठी "ये" म्हणू नका. बांधायचे असेल तर आपण त्याच्याजवळ जा.

तिसरा धडा "बस". तुकडा नाकासमोरून डोक्याच्या वर न्या. डोके वर गेले की बूड आपोआप टेकते. टेकल्याबरोबर तुकडा द्या.

चौथा धडा "सोड". तोंडात चप्पल असेल तर ओढाताण करू नका, त्याला तो खेळ वाटतो. चपलेपेक्षा चांगली वस्तू दाखवा, चप्पल सोडल्यावर ती द्या.

पाचवा धडा दोरीचा. कुत्र्याने ओढले की आपण जागेवर थांबायचे. दोरी सैल झाली की चालायचे. म्हणजे तोच आपला सैल कासरा.

धडा पक्का झाला की दर वेळी तुकडा देण्याची गरज नाही. कधी तुकडा, कधी पाठीवर हात. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय अधिक टिकते, असे अभ्यासात दिसले आहे.

शेळ्या-कोंबड्यांची ओळख दोरी बांधूनच करून द्या. त्यांच्याकडे पाहून कुत्र्याने नजर आपल्याकडे वळवली की तुकडा द्या. पाठलाग एकदाही होऊ देऊ नका, कारण पळणारी शेळी हेच त्याचे बक्षीस असते.

राखण म्हणजे काय आणि काय नाही

सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला दोरीने शेताच्या धुऱ्याधुऱ्याने, त्याच वाटेने फिरवा. आपली हद्द त्याला वासाने कळते. रात्री तो भुंकला की बॅटरी घेऊन जाऊन पाहा. खरेच काही असेल तर त्याला शाबासकी द्या. काही नसेल तर शांतपणे "पुरे" म्हणा, तो गप्प झाला की तुकडा द्या. माळ्यावरून ओरडू नका. धनीही आपल्यासोबत भुंकतो आहे, असेच त्याला वाटते.

कुत्र्याचे काम सूचना देण्याचे आहे, झुंजण्याचे नाही. रानडुकराचे सुळे कुत्र्याचे पोट फाडतात. पीक वाचवायला कुंपण, उजेड, आवाज आणि माणसांची एकजूट हवीच. कुत्रे लावून वन्यप्राण्यांचा पाठलाग करणे आणि परवानगीशिवाय त्यांना मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. जंगलाकाठच्या गावांनी आणखी एक काळजी घ्यावी. अकोले तालुक्यात शेतशिवारात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी अभ्यासकांनी केली. बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला दाराशी बोलावतो. अशा गावी रात्री कुत्र्याला बंदिस्त आडोसा द्या. हिमालयातील मेंढपाळ त्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात.

चोवीस तास साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हाही ठरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. त्याला सावली आणि पाणी हवेच. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष टाकाल तेव्हा कुत्रा बांधून ठेवा, आणि मेलेले उंदीर पुरून टाका.

रेबीज : येथे चुकीला जागा नाही

आतापर्यंत सांगितले त्यात थोडे कमी-जास्त झाले तर कुत्रा उशिरा शिकेल, इतकेच. आता सांगतो त्यात हयगय झाली तर घरातले माणूस जाईल. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर उपचार झाले तर हा रोग टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो मुलगा जगला. त्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या देशात आजही या रोगाने माणसे मरतात.

१) कुत्रा, मांजर, माकड किंवा कोल्हा चावला, ओरबाडला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटे.

२) जखमेवर मिरची, चुना, तेल, हळद काहीही लावू नका. मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका.

३) त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. आपण आता बसलो आहोत तेथून मेयो रुग्णालय जवळ आहे, गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती मनातून काढा. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता लस दंडात, चार-पाच खेपांत देतात. डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नका. रक्त निघालेले असेल तर जखमेत वेगळे औषधही द्यावे लागते, म्हणून जखम लपवू नका. मुले मार बसेल या भीतीने ओरखडा सांगत नाहीत. त्यांना सांगून ठेवा, की चावल्याबद्दल घरी कोणी रागावणार नाही.

४) चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारून टाकू नका, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पण म्हणून लस घ्यायची थांबू नका.

५) ही गोष्ट खास शेतकऱ्यांसाठी. गाय, बैल किंवा म्हैस लाळ गाळते, गिळत नाही, वेगळाच आवाज काढते. घशात काही अडकले असे समजून आपण तोंडात हात घालतो. ते जनावर पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले असू शकते. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, त्याला वेगळे बांधा आणि पशुवैद्यकांना बोलवा. हात घातला असेल तर दवाखाना गाठा.

आपल्या कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस द्या आणि कार्ड जपून ठेवा. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. तीच तारीख लसीसाठी धरली तर विसर पडणार नाही. पिले नको असतील तर नसबंदी करून घ्या. जन्मलेली पिले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडणे म्हणजे आपले संकट शेजाऱ्याच्या दारात टाकणे आहे.

शेवटी एवढेच सांगतो. बैल आपल्या हाकेला थांबतो, कारण थांबल्यावर काय होते ते त्याला ठाऊक असते. कुत्र्यालाही तेवढीच खात्री हवी असते. उद्या सकाळी जेवणाआधी पाच मिनिटे काढा, एक भाकरी मोडून तुकडे करा आणि नावाचा पहिला धडा घ्या. महिनाभर नेमाने करा. आणि आपल्या कुत्र्याला लस दिलेली नसेल, तर धडा नंतर, आधी दवाखाना.